कमळाबाईंना कुठल्या गेममध्ये न्यायचं

खोली बघायला गेलो त्या दिवशी सिस्टर मला मोरी दाखवत होत्या. पाणी किती वाजता येतं, पिंप कुठे ठेवायचं, असं सगळं शिस्तीत चाललं होतं. मध्येच त्या थांबल्या. मान आतल्या खोलीकडे वळवली, "आलेच हं!" म्हणाल्या आणि लगबगीने आत गेल्या. आत कोणी आजारी माणूस असावं असं मला वाटलं. दोनेक मिनिटांनी फ्रॉकला हात पुसत बाहेर आल्या आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू केलं. "हं, तर पाणी साडेपाचला. उशीर केलास तर माझ्या पिंपातलं घ्यायचं नाही."

आत कोणीच नव्हतं. हे मला आठवड्यानं कळलं.

आमची लालबागची चाळ पाडली तेव्हा आई गावाला, कणकवलीच्या पुढे, निघून गेली. माझी नोकरी परळला होती. म्हणून गिरगावात, ठाकुरद्वारच्या आतल्या अंगाला एका वाडीत मी पेइंग गेस्ट म्हणून राहायला आलो. घर लाकडी, दुमजली, जिना बाहेरून. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, मध्ये लाकडी पार्टिशन. एकीकडे मी, दुसरीकडे सिस्टर. त्या नन नव्हत्या. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स म्हणून सगळं आयुष्य काढलं होतं. घर त्यांच्या आजोबांच्या वेळेपासूनचं. लग्न केलं नाही. वाडीतली पोरंटोरं, समोरचा वाणी, चर्चमधले फादर, सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. रोज दुपारी दोनला आंघोळ करून, इस्त्रीचा फ्रॉक घालून, छातीवर उलटं घड्याळ टाचून त्या कॉम्प्युटरसमोर बसत आणि रात्री आठला उठत. मध्ये चारला चहा. याला त्या 'सेकंड ड्युटी' म्हणत.

कॉम्प्युटर जुना होता, दूरदर्शनच्या पेटीसारखा बोजड पडदा असलेला. ऑस्ट्रेलियाला गेलेल्या भाच्याने तो मागे ठेवला होता आणि त्याबरोबर पुठ्ठ्याच्या मोठाल्या खोक्यांत जुने गेम. तसले गेम मी शाळेत असताना सायबर कॅफेत पाहिले होते. चार-पाच जणांची टोळी बनवायची, त्यांना नावं द्यायची, मग गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं, जंगलं-भुयारं पालथी घालायची, राक्षस मारायचे आणि शेवटी एकदा त्या मुलखावरचं संकट टाळायचं. एकेक गेम संपायला तीन-चार महिने. एवढा वेळ कोणाला असतो? सिस्टरना होता.

सत्तरी ओलांडलेली बाई तलवारी घेऊन राक्षस मारते याचं मला आधी हसू यायचं. टोळीत त्या स्वतः कायम पहिल्या असत. मी एकदा विचारलं, "सिस्टर, जखमा बऱ्या करणारी पण असते ना टोळीत, ती का नाही होत तुम्ही?"

"आयुष्यभर बँडेज बांधली रे," त्या म्हणाल्या. "आता जरा दुसऱ्यांना बांधू दे."

मला त्रास झाला तो पार्टिशनचा. रविवारी दुपारी मी पडलेला असायचो आणि पलीकडून सिस्टरचं बोलणं यायचं. "कदम, हळू. चढ आहे. … नाही नाही, तुमच्या चपला आहेत पायात, बघा ना." मग थोडा वेळ काहीच नाही. उत्तर ऐकल्यासारखा तो वेळ. मग, "हो, पुढच्या गावात थांबू." हे सगळं हॉस्पिटलातल्या खालच्या, मऊ आवाजात. असल्या आवाजात बोललं की माणूस गेल्याची बातमीसुद्धा गोड वाटते.

एका रविवारी मी चहाची साखर मागायला गेलो. दार उघडं होतं. सिस्टर खाली वाण्याकडे गेल्या होत्या. खिडक्या लावलेल्या, खोलीत फिनाइलचा वास आणि पडदा चालू. त्यावर चार माणसं एका नदीकाठी उभी. बोटाच्या पेराएवढी, ठिपक्याठिपक्यांची. गेम थांबवलेला नव्हता. असल्या गेममध्ये माणसांना उभं करून ठेवलं की ती चुळबुळ करतात, पाय बदलतात, मान वळवतात. हे मला ठाऊक होतं. तरी त्यातला एक, खांद्याला पिशवी लावलेला, वळला आणि माझ्याकडे तोंड करून उभा राहिला तेव्हा मी दाराकडे सरकलो. पाठोपाठ बाकीचे तिघे वळले. मी साखर न घेताच निघालो.

दारात सिस्टर उभ्या.

"घाबरलास?"

"गेम बंद करायचा राहिलाय," मी म्हटलं.

"राहिला नाही. मी मुद्दामच उभं ठेवते. आपण थोड्या वेळासाठी गेलो तर परत येतो, हे कळू दे त्यांना."

त्या दिवशी त्यांनी मला वही दाखवली. लांब, जाड पुठ्ठ्याची, वॉर्डातल्या रिपोर्ट बुकासारखी. वहीत नावं होती. नावापुढे खाटेचा नंबर, आणि त्यापुढे एकेक ओळ. 'कदम, पोस्टमन. चपला मागत होते.' बऱ्याचशा नावांवर पट्टीने आखलेली लाल रेघ होती.

"ही कोण माणसं?"

"माझे पेशंट. पण सगळे नाहीत." सिस्टर जागेवर बसल्या. "वॉर्डात पन्नास खाटा असायच्या, आम्ही दोघी. एकाने हाक मारली की दुसऱ्याकडे काम चाललेलं. मग म्हणायचं, आलेच हं. आणि जायचं पण. मी गेले नाही असं कधी झालं नाही." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "पण ही माणसं मी जाईपर्यंत थांबली नाहीत."

"सिस्टर, त्यात तुमची काय चूक?"

"चूक कोण म्हणतंय? त्यांनी हाक मारली आणि मी आलेच म्हटलं, एवढंच. आलेच म्हटलं तर जायला नको?"

कदमांना शेवटच्या संध्याकाळी घरी जायचं होतं. चपला कुठे आहेत, चपला द्या, असं म्हणत होते. म्हणून त्यांच्यासाठी सिस्टरनी या गावचं पत्र त्या गावाला पोचवावं लागतं असा एक गेम शोधला होता. तीन महिने त्यांच्याबरोबर पायी हिंडत होत्या. तो गेम संपला त्या दिवशी मी घरीच होतो. पलीकडे खुर्ची सरकली, रस्त्याकडची खिडकी उघडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ ती कोणी लावली नाही. संध्याकाळी बघितलं तर कदमांवर लाल रेघ होती.

या बाईंना वेड लागलंय असं मी तेव्हा म्हणू शकलो असतो. पण बाजार, लाईटबिल, प्रिस्क्रिप्शनमधली डॉक्टरची चूक, यात सिस्टरचं डोकं माझ्यापेक्षा दसपट चालायचं. आणि खरं सांगायचं तर मला दुसरी खोली परवडणारी नव्हती.

एक गेम संपला की दुसरा ठरवणं हे सगळ्यात अवघड काम. त्याला त्यांनी नाव ठेवलं होतं ओपीडी. सगळी खोकी जेवणाच्या टेबलावर मांडायची. मग रोज एक गेम लावून फक्त तासभर तपासायचा. त्यांचे नियम ठरलेले होते. घड्याळ लावून घाई करणारा गेम नको. मागे फिरता येत नाही असा नको. आणि बोलणारा नको. हा शेवटचा नियम मला लॅमिंग्टन रोडला कळला. तिथे एका गाळ्यात जुन्या सीड्या मिळायच्या. मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानदार बिचारा कळवळून म्हणाला, "आंटी, ये पुराना कचरा क्यूँ लेती हो? नवीन बघा ना. चेहरे एकदम असली, आणि प्रत्येक कॅरेक्टर बोलतो. असली आवाज!"

"आवाज नको," सिस्टर म्हणाल्या. "आवाज मला माहिती आहेत."

त्या पोराने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

मी राहायला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी वहीत एकच नाव बिनरेघेचं उरलं होतं. 'कमळाबाई, लालबाग, खानावळ.' पुढे लिहिलेलं, 'आभाळ.' बाई दोन महिने भिंतीकडच्या खाटेवर होत्या. एका दुपारी म्हणाल्या, सिस्टर, एकदा खिडकीशी न्या गं, आभाळ बघू दे. सिस्टर म्हणाल्या, आलेच हं बाय. तेवढ्यात दुसऱ्या खाटेवरचा माणूस उलटी करायला लागला. परत आल्या तेव्हा कमळाबाईंचं तोंड खिडकीच्या दिशेला वळलेलं होतं, पण तिथून खिडकी दिसत नव्हती.

"बाकी सगळ्यांना घेऊन गेले," सिस्टर मला म्हणाल्या. "हिलाच दर वेळी मागे ठेवते. सगळे गेम मेले जमिनीखाली जातात. हे लोक गेम करतात की गटारं खणतात?"

ते खरंच होतं. आम्ही दोघांनी मिळून सगळी खोकी तपासली. बर्फाच्या गेममध्ये तिसऱ्या तासाला गुहा. बोटीच्या गेममध्ये बोट फुटते आणि पुढचं सगळं बुडालेल्या शहरात. विहिरीच्या गेमचं तर नावच घ्यायला नको. लॅमिंग्टन रोडवरून वाळवंटाचा एक आणला होता. त्याच्या खोक्यावर नुसतं आभाळ होतं; पण तो लावला की पडदा निळा व्हायचा आणि कॉम्प्युटर तिथेच गोठायचा. सिस्टर तो निळा पडदा बराच वेळ बघत बसल्या. "एवढं तरी दिसलं तिला," म्हणाल्या, आणि वायर काढली.

शेवटी एकच उरला, मनोऱ्याचा गेम. त्यात एका मुलखावर कायमचा काळोख पडलेला असतो. नऊ मजल्यांचा मनोरा चढून गच्चीवरची घंटा वाजवली की आभाळ मोकळं होतं. भुयार एकही नाही. फक्त तीन जण लागतात.

"मी एक, कमळाबाई एक." सिस्टरनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुझ्याकडे आहे का कोणी?"

"विनू," मी म्हटलं.

माझ्या तोंडून हे नाव कित्येक वर्षांत बाहेर पडलं नव्हतं. विनू माझा धाकटा भाऊ. सतराव्या वर्षी गेला. एवढंच मी सिस्टरना सांगितलं. कसा गेला ते त्यांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

"त्याला काय नको?"

"उंची नको," मी म्हटलं. "सिस्टर, हा गेम राहू दे. दुसरा बघू या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, जरा खाली. "कमळाबाईंना आभाळ पाहिजे, तुझ्या माणसाला जमीन. दोघांपैकी एकाला समजवायला लागेल. कमळाबाई आता माझं ऐकायच्या नाहीत."

दोन आठवडे आम्ही काहीच लावलं नाही. टेबलावर मनोऱ्याचं खोकं एकटं पडून होतं. त्या दोन आठवड्यांत सिस्टरचं 'आलेच हं' वाढलं. जेवताना, जिन्यात, एकदा तर वाण्याच्या दुकानात सुटे पैसे घेता घेता. वाणी सवयीने थांबून राहिला. मी मात्र त्या आतल्या खोलीत कोणाला बघायला जातात ते आता ओळखून होतो, आणि म्हणून मला ते जास्त लागत होतं. तिसऱ्या रविवारी मीच म्हटलं, "लावा."

त्यांनी नावं टाकली. पहिल्या त्या स्वतः, मग कमळाबाई, शेवटी इंग्रजीत विनू. चार अक्षरं. पडद्यावर निळ्या सदऱ्यातलं एक पोरगं उभं राहिलं. लालबागला आमच्या गोविंदा पथकाचे टी-शर्ट निळे होते. गेममध्ये सगळ्या पोरांचे सदरे निळेच असणार, हे मी माझं मलाच सांगितलं.

त्या दिवसापासून मी परळहून सुटलो की सरळ घरी येऊ लागलो. सिस्टरच्या शेजारी स्टूल घेऊन बसायचो. गावं झाली, जंगल झालं. सिस्टर पुढच्या माणसाला चालवत, बाकीचे दोघे आपसूक मागून येत. कमळाबाई सांभाळून, विनू त्यांच्या मागे. एका गावातल्या म्हातारीने तिघांना भाकरी दिली तेव्हा मी मोठ्याने हसलो. विनूला भाकरी आवडायची नाही, पावच लागायचा. सिस्टरना हे सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. आठ वाजता त्या रोज रिपोर्ट लिहीत आणि मला वाचून दाखवत. 'कमळाबाई ठीक. विनू ठीक, आज दोन लांडगे मारले.' आईला फोनवर सांगावंसं वाटायचं, इतकं ते मला खरं झालं होतं. आणि याचीच भीती वाटायची.

मग मनोरा आला. पहिला मजला, दुसरा, तिसरा, चौथा. विनू बिनतक्रार चढला. पाचव्याच्या जिन्याशी सिस्टर वर गेल्या, कमळाबाई वर गेल्या आणि विनू खाली उभा राहिला.

"मागे राहिला वाटतं," सिस्टर म्हणाल्या. खाली आल्या, त्याला घेतलं, परत चढल्या. दोघी वर. तो खाली, जिन्याच्या पहिल्या पायरीशी, वर बघत.

सगळे जवळ असल्याशिवाय पुढचा मजला उघडत नव्हता. आम्ही आदल्या दिवशीपासून पुन्हा खेळून पाहिलं. त्याच्याजवळचं सामान कमी करून पाहिलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मी ऑफिसात बसून इंटरनेटवर लोकांची जुनी प्रश्नोत्तरं शोधली. जुन्या गेममध्ये मागून येणारी माणसं कधी कधी जिन्यात अडकतात, वाट चुकतात, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. दोष गेमचाच होता, यात शंका नाही. पण तो चौथ्यापर्यंत आला होता. आणि पाचव्याला थांबला होता.

तीन रविवार गेले. वहीत सिस्टरनी लिहिलं, 'विनू चालत नाही. ताप नाही. जखम नाही.' ते वाचून दाखवलं आणि वही मिटली. खिडकीच्या फटीतून दुपारचं ऊन पडद्यावर आलं होतं, त्यात तो निळा सदरा फिकट झाला होता. सिस्टर पडद्याकडे बघत होत्या. त्याच मऊ, खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "याच्या खाली कोण होतं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. माणूस दुखणं कुठे धरून बसतो ते बघायची सवय आहे मला. विनूचं नाव निघालं की तू उजव्या खांद्यावर हात ठेवतोस. आत्तासुद्धा आहे."

होता. माझा डावा हात उजव्या खांद्यावर होता.

"आणि तुझा भाऊ उंचीवरून पडला. लालबागचा पोरगा, सतरा वर्षांचा. मी गोकुळाष्टमीच्या किती ड्युट्या केल्यात तुला माहितीये? एक पडतो, आणि एक त्याच्या खालचा असतो. खालचा कधी ॲडमिट होत नाही. तो बाहेर बाकावर बसून असतो."

मी त्यांना सांगितलं. त्याआधी कोणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही सात थर लावत होतो. विनू पाचव्यावर, मी चौथ्यावर. त्याचा उजवा पाय माझ्या खांद्यावर. गॅलऱ्यांतून पाणी पडत होतं. स्टेजवरून टीव्हीचा कॅमेरा आमच्याकडे वळला आणि मी मान वळवली. एवढंच. आपण दिसतोय का ते बघायला मान वळवली, तेवढ्यात खांदा फिरला. त्याचा पाय घसरलेला मला कळला. मग सगळेच खाली आले. चार दिवस होता तो. सगळे म्हणाले, थर कोसळला, कोणाची चूक नाही. आईसुद्धा तेच म्हणाली. मी मान डोलवली.

तुझी चूक नाही, असं त्या म्हणतील असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या नाहीत, म्हणूनच मी रडू शकलो. शेवटी त्या उठल्या आणि मला आपल्या खुर्चीवर बसवलं. स्वतः स्टुलावर बसल्या.

"धर माऊस. तूच ने त्याला."

"तो मागून येतच नाही, सिस्टर."

"मग मागून कशाला आणतोस?"

रांगेत सगळ्यांत पुढे कोण हे बदलता येत होतं. ते आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. पण पुढची जागा सिस्टरची होती. इतक्या वर्षांत ती त्यांनी कोणाला दिली नव्हती. पुढचा माणूस अडकत नाही, अडकतो तो मागचा. हे माझ्या डोक्यात येत होतं आणि बोलायचा धीर होत नव्हता. आता त्यांनीच बोट दाखवलं. मी विनूला पहिला केला, त्याच्या मागे कमळाबाई, शेवटी सिस्टर.

जिन्यावर क्लिक केलं. तो चढला.

मी त्याला मागे वळून बघू दिलं नाही. सहावा, सातवा, आठवा. मधे काय काय अंगावर आलं ते आठवत नाही, सिस्टर मागून कोणाशी तरी लढत होत्या. माझा हात घामाने माऊसवर सरकत होता. नववा मजला, मग एक दार, मग गच्ची. आधी काळा पडदा. मी विनूला घंटेपाशी नेऊन ती वाजवली. त्या घंटेला आवाज नव्हता, नुसती हलली. पडदा वरून हळूहळू निळा होत खाली आला. तिघं उभे होते. थोड्या वेळाने पाय बदलले, माना वळवल्या. कमळाबाईंनी वर तोंड केलं आणि तशाच राहिल्या. तसं तोंड वर केलेलं आधी एकदाही दिसलं नव्हतं. सिस्टरनी माझा हात गच्च धरला.

मग त्या उठल्या आणि रस्त्याकडची खिडकी उघडली. खाली कुल्फीवाला ओरडत होता, कोणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. माझ्या मानेवरून वारा गेला. आतून बाहेर गेला. खिडकीतून वारा आत यायला हवा. पण तो पाठीमागून आला. एवढं मला स्पष्ट आठवतं आणि मी त्याचं काही करू शकत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात पार्टिशनपलीकडे अगदी शांत होतं. मला झोप येईना. शेवटी एका दुपारी मी गेलो. सिस्टर कॉम्प्युटरपासून दूर, खिडकीत बसल्या होत्या. घड्याळ टाचलेलं नव्हतं.

"तुला काही ऐकू येतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मला पण नाही." घरात चोरी झाल्यासारखं त्यांनी सांगितलं. "रिटायर झाले तरी यायचं रे. सिस्टर, सिस्टर. या कोपऱ्यातून, त्या कोपऱ्यातून. आता किती शांत झालंय. माणसं कशी राहतात एवढ्या शांततेत?"

मी खोक्यांकडे बघून म्हटलं, "पुढचा कुठला लावायचा?"

"माझ्याकडे आता न्यायला कोणी नाही. तुझं तू ठरव."

मी ठरवलं. रजा टाकली आणि गावाला गेलो.

आई मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, कॅमेऱ्यासकट. ती निवडायची थांबली नाही. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "इतकी वर्सा गिळून बसललंस?"

"व्हय."

"आणि माका फोनार ईचारतंस, आये, बरी आसस मा?"

ती उठून आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला, काहीतरी आपटल्याचा, मग काहीच नाही. मी उठलो नाही. दिवस कलता ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. "तेचो पाय लय हलको होतो रे," म्हणाली. "ल्हान आसतानापासना. कडेर घेतला तरी माका कदी जड लागलो नाय." तिने हाताने माझा उजवा खांदा दाबून बघितला, पाडाला आलेला आंबा दाबून बघावा तसा. मग पुन्हा सूप मांडीवर घेतलं.

आठ दिवसांनी गिरगावात परत आलो. सिस्टरना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर त्या आणखी दोन वर्षं होत्या. कॉम्प्युटर त्यांनी एकदाही लावला नाही. दुपारी झोपायला शिकल्या, ते त्यांना फार जड गेलं. एका सकाळी चर्चला जायला तयार होऊन खुर्चीवर बसल्या आणि उठल्या नाहीत. मी तिथेच होतो, त्यांच्या बुटांची नाडी बांधत होतो. सगळी खोकी अजून माझ्याकडे आहेत. त्यांना कुठला गेम आवडेल ते मला माहीत आहे, पण मी लावलेला नाही. त्यांनी मला हाक मारलेली नाही.

पण त्या दिवशी, गावाहून आलो तेव्हा, माझं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आईने काय केलं, काय बोलली, किती वेळ आत बसली, सगळं. मग एकच प्रश्न विचारला.

"आई जेवली का नंतर?"

"जेवली."

"पोटभर?"

मला आठवावं लागलं. "पेज घेतली. मग परत वाढून घेतली. वर मला म्हणाली, माशाचा तुकडा मोठा घे."

"मग झालं," सिस्टर म्हणाल्या, आणि माझी बॅग उचलून खोलीत नेऊन ठेवली.